पहाटेचं भाषण

७ एप्रिल १९९४ च्या पहाटे रवांडाच्या पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना यांना आपल्या घरातून निघून किगाली शहरातल्याच सरकारी रेडिओ केंद्रावर जायचं होतं. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष मारले गेले होते. सरकार अजून जागेवर आहे, एवढं लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. त्यांना पोचवायला संयुक्त राष्ट्रांचे सैनिक निघाले होते. शांतता करार, सुरक्षा परिषदेचे ठराव, अडीच हजार शांतिसैनिक, निवडणुकांचं वेळापत्रक, हा सगळा डोलारा त्या पहाटे एका साध्या कामावर येऊन टेकला होता : एका बाईंना एका मायक्रोफोनपर्यंत सुखरूप न्यायचं.

ते काम झालं नाही.

आठ महिने आधी

४ ऑगस्ट १९९३. टांझानियातलं अरुशा शहर. १९९० पासून चाललेलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी रवांडाचं सरकार आणि प्रामुख्यानं तुत्सी जमातीच्या निर्वासितांमधून उभी राहिलेली रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट ही बंडखोर संघटना करारावर सह्या करतात. सत्तेत सगळ्यांना वाटा देणारं हंगामी सरकार, दोन्ही फौजांचं एकत्रीकरण आणि २२ महिन्यांच्या अखेरीस निवडणुका, असं ठरतं. देखरेखीला संयुक्त राष्ट्रं.

५ ऑक्टोबरला सुरक्षा परिषद ठराव ८७२ मंजूर करून या मोहिमेला, म्हणजे ‘युनामीर’ला, मान्यता देते. दोनच दिवसांपूर्वी सोमालियात मोगादिशूच्या रस्त्यांवर अमेरिकेचे १८ सैनिक मारले गेलेले आहेत. आफ्रिकेतल्या आणखी एका भानगडीत पडायला कुणाचंच मन होत नाही. त्यामुळे मोहीम आखली जाते ती हात आखडून. सैनिक २,५४८, आणि तेही टप्प्याटप्प्यानं येणार. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सहाव्या प्रकरणाखालचं काम, म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीनं चालायचं, लढायचं नाही. लग्नाला दोन्हीकडची मंडळी राजी आहेत असं धरून मांडव घातला गेला. राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हब्यारिमाना यांच्या भोवतालच्या, हुतू जमातीतल्या जहाल गटाला हे लग्न मुळातच मोडायचं होतं.

आगाथबाई हुतूच होत्या. मूळच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका. शिक्षणमंत्री असताना त्यांनी शाळाप्रवेशातला जमातीनुसारचा कोटा काढून गुणवत्तेवर प्रवेश द्यायला सुरुवात केली, तेव्हा हत्यारबंद लोकांनी घरात घुसून त्यांना मारहाण केली होती. जुलै १९९३ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. जहालांच्या लेखी त्या घरभेद्या होत्या.

तीन महिने आधी : ११ जानेवारी

युनामीरचे सेनापती, कॅनडाचे जनरल रोमेओ डॅलेअर, न्यूयॉर्कला एक फॅक्स पाठवतात. सत्ताधारी पक्षाच्या इंटरहाम्वे या टोळीला प्रशिक्षण देणारा एक माणूस त्यांच्या लोकांशी बोलला आहे. किगालीतल्या तुत्सींच्या याद्या करण्याचं काम आपल्याला दिलं आहे आणि आपली माणसं २० मिनिटांत हजार जणांना मारू शकतात, असं तो सांगतो. शस्त्रं कुठं लपवली आहेत तेही दाखवायला तयार आहे.

त्याच्या सांगण्यात आणखी एक हिशेब होता. बेल्जियन सैनिकांना चिथवायचं, त्यांतले काही मारायचे, की बेल्जियम आपली माणसं परत नेईल. मोहिमेतली सगळ्यांत तयारीची तुकडी बेल्जियमची होती. ती गेली की उरलेल्यांचा कणाच मोडणार.

३६ तासांत शस्त्रसाठ्यावर छापा घालण्याचा डॅलेअर यांचा बेत असतो. न्यूयॉर्कच्या शांतिसेना विभागातून, ज्याचे प्रमुख तेव्हा कोफी अन्नान होते, उत्तर येतं : हे आपल्या अधिकारात बसत नाही. ही माहिती राष्ट्राध्यक्षांना द्या आणि बेल्जियम, फ्रान्स, अमेरिका यांच्या राजदूतांच्या कानावर घाला. म्हणजे ज्याच्या वाड्यात चोर लपलेत, त्याच्याच दारात जाऊन वर्दी द्यायची. डॅलेअर यांना तसं करावं लागतं.

दोन दिवस आधी : ५ एप्रिल

हंगामी सरकारचा शपथविधी जानेवारीपासून रखडलेला आहे. फेब्रुवारीत दोन दिवसांत दोन पुढाऱ्यांचे खून पडले आहेत, एक मध्यममार्गी, एक जहाल. ‘आरटीएलएम’ हे जहालांचं खासगी रेडिओ केंद्र तुत्सींना झुरळं म्हणत असतं. येत्या दिवसांत किगालीत एक छोटंसं काहीतरी होणार आहे, असं त्यानं ३ एप्रिललाच सूचकपणे सांगून टाकलेलं असतं.

५ एप्रिलला सुरक्षा परिषद ठराव ९०९ मंजूर करते. मोहिमेला २९ जुलैपर्यंत मुदतवाढ मिळते, पण सहा आठवड्यांत हंगामी सरकार आलं नाही तर मोहिमेचाच फेरविचार होईल, अशी तंबीही दिली जाते. मोहीम जावी असंच ज्यांना वाटत होतं, त्यांना ‘नीट वागला नाहीत तर आम्ही निघून जाऊ’ असं बजावलं गेलं. ते ऐकायला रवांडा सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसलेला होता. त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता.

६ एप्रिल, संध्याकाळ

टांझानियाच्या दारेसलाममध्ये शेजारी देशांच्या प्रमुखांची बैठक आटोपते. विषय होता बुरुंडीचा, पण सगळ्यांनी हब्यारिमानांना अरुशा करार अमलात आणण्याचा आग्रह धरला. बुरुंडीचे राष्ट्राध्यक्ष सिप्रियाँ न्तार्यामिरा परतीसाठी हब्यारिमानांच्याच विमानात बसतात. फाल्कन ५० जातीचं हे जेट फ्रान्सनं भेट दिलेलं. चालक, कर्मचारी तिघंही फ्रेंच. रवांडाचे लष्करप्रमुखही याच विमानात आहेत.

किगालीत बुधवारची रात्र. ट्युनिशियात आफ्रिकी चषकाचे उपांत्य सामने आहेत. टीव्ही असलेल्या बारमध्ये गर्दी आहे.

रात्री ८.२० च्या सुमारास

विमान किगालीच्या धावपट्टीकडे उतरू लागतं. जमिनीवरून दोन क्षेपणास्त्रं सुटतात. जळतं विमान कोसळतं ते कानोम्बेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या बागेत. बाराही जण ठार.

क्षेपणास्त्रं कुणी डागली यावर पुढं फ्रान्समध्ये आणि रवांडात चौकश्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. पण त्यानंतरच्या तासांत कुणी काय केलं, याचे साक्षीपुरावे अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वर्षानुवर्षं नोंदवले गेले.

रात्री ९ ते १०

राष्ट्राध्यक्षांचं रक्षकदल रस्त्यांवर अडथळे उभारू लागतं. विमानाच्या अवशेषांकडे निघालेल्या बेल्जियन शांतिसैनिकांना अडवलं जातं, त्यांची शस्त्रं काढून घेतली जातात. विमान बेल्जियननीच पाडलं, अशी आवई उठते. जानेवारीतल्या खबऱ्याचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी इथं सावध व्हायला हवं. पण तो फॅक्स न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी फायलीत पडून आहे.

न्यूयॉर्कमध्ये अजून दुपार आहे.

रात्री ११ च्या सुमारास

डॅलेअर लष्कराच्या मुख्यालयात पोचतात. राष्ट्राध्यक्ष नाहीत, लष्करप्रमुख नाहीत, संरक्षणमंत्री परदेशात आहेत. टेबलाच्या टोकाशी बसले आहेत संरक्षण मंत्रालयातले एक निवृत्त कर्नल, थिओनेस्ट बागोसोरा. देश सुरळीत राहावा म्हणून लष्कराची एक समिती सूत्रं हाती घेते आहे, बाकी काही नाही, असं ते सांगतात.

डॅलेअर म्हणतात, राष्ट्राध्यक्ष नसले तरी सरकार आहे. पंतप्रधान आहेत. आता त्यांनी सूत्रं घ्यायची आणि देशाशी बोलायचं.

बागोसोरा साफ नकार देतात. आगाथ यांच्यावर कुणाचा विश्वास नाही, म्हणतात. मध्यरात्रीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे प्रतिनिधी जाक-रॉजे बू-बू यांच्या घरी हेच पुन्हा होतं. तोच आग्रह, तोच नकार.

रवांडात तेव्हा गावोगाव बातमी पोचायची ती रेडिओवरून. ज्याच्या हाती मायक्रोफोन, देश त्याचा. डॅलेअर आणि बागोसोरा दोघांनाही हे कळत होतं. डॅलेअर ठरवतात : पंतप्रधानांना पहाटे संरक्षणात रेडिओ केंद्रावर न्यायचं.

७ एप्रिल, मध्यरात्र उलटल्यावर

किगाली विभागाचे प्रमुख, बेल्जियमचे कर्नल ल्यूक मार्शाल यांच्याकडून हुकूम खाली जातो. लेफ्टनंट थिएरी लोतँ आणि त्यांचे नऊ सैनिक जीपगाड्या काढतात. पंतप्रधानांचं घर शहरातच आहे, पण दर वळणावर अडथळा आहे. हटा म्हणायचा अधिकार नाही, ढकलून जाण्याचा तर नाहीच. विनवण्या करत, वळसे घेत जायचं.

मदतीला कोण येणार, याचंही उत्तर नाही. तातडीनं धावून जायचं काम ज्या बांगलादेशी तुकडीकडे होतं, तिची तयारी अपुरी होती. मोहिमेला मिळालेल्या आठ चिलखती गाड्यांपैकी जेमतेम पाच चालत होत्या.

तिकडे रेडिओ केंद्राला रक्षकदलाचा वेढा पडला आहे.

पहाटे ५.३० च्या सुमारास

लोतँ यांची तुकडी घरी पोचते. पाच घानाचे शांतिसैनिक आधीपासून पहाऱ्यावर आहेत. आता एकूण १५. थोड्याच वेळात घराच्या दिशेनं गोळीबार सुरू होतो. बाहेर पडणं अशक्य.

उजाडताना

सरकारी रेडिओवर निवेदन लागतं. राष्ट्राध्यक्षांच्या निधनाची बातमी, आणि नागरिकांनी घराबाहेर पडू नये अशी सूचना. निवेदन संरक्षण मंत्रालयाचं आहे, सही बागोसोरांची.

पंतप्रधानांनी जिथं बोलायचं होतं, तिथं त्यांचा आवाज येण्याआधीच कर्नलचा कागद वाचून झाला. आणि ‘घरातच थांबा’ ही सूचना मारेकऱ्यांच्या फार सोयीची होती. ज्यांची नावं याद्यांत होती, त्यांना शोधायला आता त्यांच्या घरीच जायचं होतं.

रक्षकदलाचे सैनिक तशा याद्या घेऊन निघतातही. घटनात्मक न्यायालयाचे अध्यक्ष जोसेफ कावारुगांदा यांना घरातून उचललं जातं. नव्या राष्ट्राध्यक्षाला शपथ द्यायला कायद्यानं तेच लागले असते. कामगारमंत्री लँडोआल्ड न्दासिंग्वा यांना आई, पत्नी आणि मुलांसकट मारतात. माहितीमंत्री आणि कृषिमंत्रीही मारले जातात. यांतल्या बऱ्याच जणांच्या दारात संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे पहारेकरी होते. पहिल्या काही तासांतले हे बळी योगायोगानं निवडलेले नव्हते. अरुशा करारातलं सरकार ज्यांच्यामुळे उभं राहू शकलं असतं, ते एकेक करून संपवले जात होते.

सकाळी ८.३० च्या सुमारास

आगाथबाई नवऱ्यासह कुंपणाची भिंत चढून जातात आणि जवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या आवारात आश्रय घेतात. पाचही मुलं त्याच आवारात लपलेली आहेत.

घरात राहिलेल्या शांतिसैनिकांना वेढा पडला आहे. लोतँ वायरलेसवर वरिष्ठांना विचारतात, शस्त्रं द्यायची का. बोलणी करा, शस्त्रं शक्यतो देऊ नका, असं सांगितलं जातं. पण ती वेळ टळून गेलेली असते. सगळ्यांना मिनीबसमध्ये घालून लष्कराच्या कॅम्प किगालीत नेतात.

सकाळी ९ नंतर

कॅम्पच्या फाटकापाशी बेल्जियन आणि घानाच्या सैनिकांना वेगळं केलं जातं. घानाच्या पाचही जणांना सोडून देतात. बेल्जियन सैनिकांवर, यांनीच आपले राष्ट्राध्यक्ष मारले असं म्हणत जमाव तुटून पडतो. काही जण तिथंच मरतात. उरलेले एका छोट्या खोलीत शिरतात, हाताला लागलेल्या एका रायफलीच्या जोरावर काही तास झुंजतात.

९.२० ला डॅलेअर न्यूयॉर्कशी फोनवर बोलतात. पंतप्रधानांना वाचवण्यासाठी बळ वापरावं लागेल, असं सांगतात. तिथं पहाटेचे ३.२० झालेत. अन्नान यांचे सहायक इक्बाल रिझा नियम सांगतात : आपल्यावर गोळी झाडली जाईपर्यंत आपण गोळी झाडायची नाही.

दुपार होण्याच्या आत

सैनिक आवारात घुसतात. बाई सापडतात. त्यांना आणि त्यांचे पती इग्नेस बाराहिरा यांना गोळ्या घालतात. आगाथबाई चाळीस वर्षांच्या होत्या.

मुलं सापडत नाहीत. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्य, हत्यार नसलेले लष्करी निरीक्षक, त्यांना तिथून काढून मिल कोलिन हॉटेलात पोचवतात. हुकूम नव्हता, अधिकार नव्हता. पुढचे जवळपास दोन महिने हा माणूस अडथळ्यांवर गप्पा मारत, हसवत, सिगारेटी वाटत माणसं सोडवून आणत राहिला. ३१ मे रोजी तोफगोळ्याच्या माऱ्यात तो गेला. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये शौर्यपदकाला त्याचं नाव दिलं.

दुपार

सैनिकी शाळेतल्या बैठकीला जाताना डॅलेअर यांची गाडी कॅम्प किगालीवरून जाते. फाटकातून त्यांना जमिनीवर पडलेले दोन बेल्जियन गणवेश दिसतात. ते थांबायला सांगतात. गाडी चालवणारा रवांडन अधिकारी थांबत नाही. बैठकीत ते आपल्या माणसांबद्दल विचारतात. तिथली परिस्थिती हाताबाहेर गेली आहे, असं उत्तर मिळतं. कॅम्पवर चालून जावं, एवढं बळ आपल्याकडे नाही, असं डॅलेअर यांचं मत पडतं. या निर्णयाचं ओझं त्यांनी आयुष्यभर वाहिलं, त्याबद्दल लिहिलंही.

संध्याकाळच्या सुमारास, अरुशा करारानुसार किगालीत संसदभवनात ठेवलेली पेट्रिऑटिक फ्रंटची सहाशे जणांची तुकडी बाहेर पडते. युद्ध पुन्हा सुरू होतं. करार आठ महिने टिकला, तोही कागदावरच.

रात्री

किगालीच्या रुग्णालयाच्या आवारात डॅलेअर यांना त्यांचे सैनिक सापडतात. प्रेतांचा ढीग पडलेला. मोजताना आधी अकरा वाटतात. पुन्हा मोजल्यावर दहा भरतात.

मोजदाद संपल्यावर

मारेकऱ्यांचा हिशेब बरोबर निघाला. बेल्जियमनं माघारीचा निर्णय घेतला. ९ एप्रिलपासून फ्रान्स, बेल्जियम, इटलीचे ताज्या दमाचे, पुरेशा शस्त्रांचे सैनिक किगालीत उतरले. दोन दिवसांपूर्वी डॅलेअर यांना जे हवं होतं, ते सगळं विमानतळावर हजर होतं. ते आपापल्या गोऱ्या नागरिकांना घेऊन परत गेलं. ११ एप्रिलला किगालीतल्या तांत्रिक शाळेतून बेल्जियन सैनिक निघाले. तिथं त्यांच्या भरवशावर सुमारे दोन हजार माणसं जमली होती. ट्रक फाटकाबाहेर पडले आणि टोळ्या आत शिरल्या. त्यांतले बहुतेक त्याच दिवशी न्यान्झाच्या टेकडीवर नेऊन मारले गेले.

२१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव ९१२ करून मोहीम २७० जणांवर आणली. शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, आठ लाख माणसं मारली गेली; रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर आहे. महासचिव झालेल्या अन्नान यांनीच नेमलेल्या इंगवार कार्लसन समितीनं १९९९ मध्ये या सगळ्याला अपयश म्हटलं, साधनांचं आणि इच्छाशक्तीचं. ते खरंच आहे. पण घटनाक्रम जवळून पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. मोहिमेचे नियम सगळ्यांत काळजीपूर्वक वाचले होते ते मारेकऱ्यांनी. हे सैनिक कधी गोळी झाडणार नाहीत, कुणाचे किती मेले की ते घरी जातील, आणि परिषद कशाला कंटाळली आहे, हे त्यांना परिषदेच्या सदस्यांपेक्षा नेमकं ठाऊक होतं.

आणि रेडिओ. रिकाम्या झालेल्या जागी ९ एप्रिलला नवं सरकार बसलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर सिंदिकुब्वाबो, पंतप्रधान जाँ कांबांदा. कांबांदा यांनी १९९८ मध्ये अरुशाच्या न्यायालयात वंशसंहाराचा गुन्हा कबूल केला. बागोसोरांची जन्मठेप अपिलात ३५ वर्षांवर आली.

दक्षिणेतला बुतारे प्रांत पहिले बारा दिवस बऱ्यापैकी शांत होता. तिथल्या प्रांताधिकाऱ्यानं, देशातल्या एकमेव तुत्सी प्रांताधिकाऱ्यानं, हत्याकांड आत येऊ दिलं नव्हतं. त्याला काढण्यात आलं. १९ एप्रिलला नवे राष्ट्राध्यक्ष बुतारेत आले आणि त्यांनी भाषण केलं. जे कामाला लागलेले नाहीत, बाजूला उभे राहून बघत आहेत, त्यांना त्यांनी झापलं. काम म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना कळलं. भाषण सरकारी रेडिओवरून प्रसारित झालं. दुसऱ्या दिवसापासून बुतारेत कत्तल सुरू झाली.

आगाथ उविलिंगियिमाना बुतारेच्याच. न्यारुहेंगेरी हे त्यांचं गाव.